वही, तराजू आणि सशाची पिले

"सर, कालपर्यंत तं चांगलं खेळत होतं जी!"

जुलै महिन्यातली पावसाळी सकाळ होती. शेजारचा नववीत शिकणारा मुलगा दारात उभा होता. त्याच्या हातांत जुन्या टॉवेलात गुंडाळलेले सशाचे पिलू होते. पाच आठवड्यांचे, पांढरे. डोळे अर्धवट मिटलेले, पोट फुगलेले आणि मागचे पाय पातळ विष्ठेने बरबटलेले. स्कूटरवरून आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचलो, पण तोवर ते गेले होते.

परत येताना मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काल काहीच नव्हतं, सर. काहीच नव्हतं."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. जनावरांचे वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु "काहीच नव्हते" हे वाक्य मात्र माझ्या विषयातले आहे. प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी वहीत "काही बदल झाला नाही" असे लिहितो, तेव्हा मी त्याला हमखास विचारतो, "बदल झाला नाही, की तुला दिसला नाही? तू कशाने मोजलेस?"

तोच प्रश्न त्या दिवशी मी त्या मुलाला विचारला, आणि मनातल्या मनात स्वतःलाही. ऑगस्टमध्ये त्याच्याकडची मादी पुन्हा व्यायली. पाच पिले झाली. या वेळी आम्ही ठरवले, नुसते पाहायचे नाही, मोजायचे. एक वही, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू, एक तापमापक आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ, एवढीच आमची प्रयोगशाळा. त्या वहीने काय शिकवले आणि पशुवैद्यकांकडून व पुस्तकांतून आम्हाला काय समजले, ते विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला सांगतो.

दुखणे लपवणारा प्राणी

कुत्र्याला बरे नसले तर तो कण्हतो, धन्याजवळ येऊन बसतो. ससा असे काही करीत नाही. कोल्हा, रानमांजर, घार, साप अशा अनेकांचे तो भक्ष्य. कळपातला दुबळा जीव शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून शक्य तितका वेळ आपण ठणठणीत असल्यासारखे वागायचे, हे सशाच्या स्वभावातच मुरले आहे. आपल्याला "अचानक" वाटणारा आजार पुष्कळदा अचानक नसतो. तो दोन-तीन दिवस आधीच सुरू झालेला असतो. आपल्याला दिसतो तो त्याचा शेवटचा अंक.

येथे एक घोटाळा आधी दूर करू. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना "ससा" हा एकच शब्द वापरतो. वर्धा जिल्ह्यात तुरीच्या किंवा गव्हाच्या शेतातून टणाटण उड्या मारीत जातो तो रानससा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस. पिंजऱ्यात पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याचे नाव ओरिक्टोलागस क्युनिक्युलस. रानसशाचे पिलू जन्मतःच केसाळ असते, त्याचे डोळे उघडे असतात. पाळीव सशाचे पिलू जन्मते तेव्हा उघडे, आंधळे आणि गुलाबी असते.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. कापणीच्या वेळी शेतात एकटे पिलू दिसले की "बिचाऱ्याची आई गेली" म्हणून मुले ते घरी आणतात. आई गेलेली नसते. सशीण पिलाजवळ दिवसातून अगदी थोडा वेळ येते आणि एरवी दूर राहते, म्हणजे तिच्या वासाने शिकारी पिलापर्यंत पोहोचत नाही. असे पिलू धोक्याच्या जागी असेल तर जवळच्याच आडोशाला ठेवावे आणि आपण निघून जावे. रानससा पकडणे व पाळणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. या लेखात यापुढे "पिलू" म्हणजे पाळीव सशाचेच पिलू.

आधी निरोगी पिलू ओळखा

वेगळे काय घडले हे कळायचे, तर नेहमी काय घडते ते आधी माहीत हवे. सशिणीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा. मध्यम जातीच्या पिलाचे जन्मवजन साधारण ४० ते ६० ग्रॅम. आमच्या पाच पिलांची वजने ४८ ते ५६ ग्रॅम भरली. पहिल्या आठवड्यात वजन जवळजवळ दुप्पट होते. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पिले घरट्याबाहेर येऊन चारा चघळू लागतात. चार ते सहा आठवड्यांत दूध सुटते.

आई पिलांना दिवसातून बहुधा एकदाच पाजते, आणि तेही तीन-चार मिनिटे! उरलेला वेळ ती घरट्याकडे फिरकतही नाही. नवख्या माणसाला वाटते, हिने पिले टाकली. मग तो गाईचे दूध ड्रॉपरने पाजू लागतो आणि चांगल्या पिलाला आजारी करतो. सशिणीचे दूध फार दाट असते. गाईच्या दुधात प्रथिने शंभरात साडेतीनच्या आसपास; सशिणीच्या दुधात ती त्याच्या तिपटीहून जास्त, स्निग्धांशही सुमारे तिप्पट, आणि दुग्धशर्करा मात्र गाईच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय उताणे धरून पाजले की दूध श्वासनलिकेत जाते, ते निराळेच.

मग पिलाचे पोट भरले की नाही हे कसे ओळखायचे? निसर्गाने सोय करून ठेवली आहे. पहिल्या काही दिवसांत पिलाची कातडी इतकी पातळ असते, की पोटातले पांढरे दूध बाहेरून दिसते. पोट गोल आणि पांढरट दिसले तर पिलू धालेले आहे. पोट आत गेलेले, कातडीला सुरकुत्या आणि पिलू सतत वळवळणारे, तर ते उपाशी आहे.

"हात लागला की आई पिलू टाकते" असे पुष्कळ जण सांगतात. पाळीव सशांच्या बाबतीत या समजुतीला आधार नाही. हात साबणाने धुवावे, पिलू उबदार हातात क्षणभर घ्यावे, तोलावे आणि परत ठेवावे. नंतरही हात धुवावे.

लहानपणाचे गणित

घरट्यातल्या पिलाला सगळ्यात आधी गाठते ती थंडी. याचे कारण वैद्यकात नाही, भूमितीत आहे.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता दोन सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ २४, घनफळ ८. म्हणजे लहान घनाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आहे, मोठ्याच्या वाट्याला फक्त ३. शरीरात उष्णता निर्माण होते ती मांसात, म्हणजे घनफळात. ती निसटते पृष्ठभागावाटे. वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर निवते.

५० ग्रॅमचे पिलू आणि २ किलोचा मोठा ससा यांची तुलना करू. वजनांचे गुणोत्तर ४०. आकार सारखाच मानला तर लांबीचे गुणोत्तर ४० चे घनमूळ, म्हणजे सुमारे ३.४. याचा अर्थ असा, की पिलाच्या प्रत्येक ग्रॅममागे उष्णता निसटायला मोठ्या सशाच्या ३.४ पट जागा आहे, आणि अंगावर केसही नाहीत!

पिले यावर उपाय करतात तो एकमेकांना बिलगून. एक सेंटिमीटरचे चार घन सुटे ठेवले तर उघड्या बाजू २४. तेच दोन-दोनच्या ओळींत चिकटवून ठेवले तर उघड्या बाजू उरतात १६. एक तृतीयांश गळती बंद! आई स्वतःच्या पोटावरचे केस उपटून घरट्यात घालते. त्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असते. घरट्यात पिलांना ३० ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते.

म्हणून घरट्याच्या कोपऱ्यात एकटे पडलेले पिलू ही पहिली धोक्याची खूण. पाजताना आईच्या आचळाला लोंबकळत ते बाहेर आलेले असते. थंड पडलेले पिलू दूध पचवू शकत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध. तळहातात किंवा कपड्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ते हळूहळू गरम करावे. कढत पाणी किंवा शेगडी नको.

आमचा जिल्हा कापसाचा. घरट्याला ऊब यावी म्हणून माणसे मोठ्या मायेने कापूस घालतात. पण कापसाचे लांब तंतू पिलाच्या पायाभोवती गुंडाळले जातात आणि वळवळीबरोबर घट्ट होत जातात. रक्तपुरवठा तुटून पाय सुजतो, काळानिळा पडतो. एकाच पायाची सूज दिसली तर भिंग घेऊन तंतू शोधा. घरट्यात कापसाऐवजी कोरडे मऊ गवत घाला. वरचे पांघरूण आई आपल्याच केसांचे करते.

कान जेव्हा उलटे काम करतात

हिवाळ्यातली थंडी पिलांची वैरी, तर मे महिन्यातले वर्धा लहानमोठ्या सगळ्याच सशांचे वैरी. सशाच्या शरीराचे तापमान ३८.५ ते ३९.५ अंशांच्या आसपास असते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. जास्तीची उष्णता तो मुख्यतः कानांवाटे घालवतो. कान पातळ, मोठे आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले. आतले गरम रक्त कानांतून फिरते, बाहेरच्या हवेला उष्णता देते आणि थोडे निवून परत जाते. मोटारीच्या रेडिएटरचे काम हेच.

पण उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. हवा २० अंशांवर असली तर कान उत्तम चालतात. ३५ अंशांवर त्यांचे काम मंदावते. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा हवा सशाच्या अंगापेक्षा गरम असते. मग कानांतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते! तिशीपलीकडे ससा अस्वस्थ होतो आणि पस्तिशीपलीकडे त्याच्या जिवाला धोका असतो, हे लक्षात घेतले तर विदर्भात ससे पाळणे किती जबाबदारीचे काम आहे ते कळेल.

उष्माघाताच्या खुणा अशा : ससा अंग ताणून पडतो, कान लालबुंद होतात, नाकाभोवती ओल येते, श्वास फार जलद होतो. स्वस्थ बसलेला मोठा ससा मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेतो. पिलांचा श्वास त्याहून जलद असतो. पंधरा सेकंद कुशीची हालचाल मोजा आणि चाराने गुणा. ससा एरवी केवळ नाकाने श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर एक मिनिटही दवडू नका. सावलीत न्या, कानांना साध्या पाण्याचा ओला हात लावा, वारा घाला आणि दवाखान्याची वाट धरा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. त्या धक्क्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

पिंजऱ्याभोवती ओले गोणपाट बांधणे हा मे महिन्यातला चांगला उपाय. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. मात्र हा उपाय कोरड्या हवेतलाच. जुलैत हवा बाष्पाने भरलेली असते, पाणी सुकत नाही, गारवा येत नाही. नुसती ओल राहते. आणि ही ओल कोणाला आवडते ते आता पाहू.

लेंडीतले रहस्य

सशाच्या पोटाची तपासणी करायची सोपी जागा म्हणजे पिंजऱ्याचा तळ. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या आणि साधारण एका मापाच्या असतात. लेंड्या लहान किंवा वेड्यावाकड्या होऊ लागल्या, संख्येने कमी झाल्या, की आतडे मंदावले असे समजावे. आणि त्या थांबल्याच, तर ती धावपळ करण्याची वेळ. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे पोटात अडकलेल्याला परतीची वाट नसते.

येथे एक फसवी खूणही आहे. कधी पहाटे मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या गोळ्या दिसतात. हा जुलाब नव्हे! सशाच्या उंडुकात जंतूंच्या मदतीने चारा आंबतो आणि तेथे तयार झालेला जीवनसत्त्वयुक्त मऊ मल ससा स्वतःच पुन्हा खातो. गाय रवंथ करून जे साधते, ते ससा या रीतीने साधतो. पिले तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे सुरू करतात.

खरा धोका दूध सुटण्याच्या काळात. दुधावर असलेल्या पिलाच्या जठरात आम्ल कमी असते. आईच्या दुधापासून तयार होणारी काही मेदाम्ले जंतूंना आवर घालतात. दूध सुटले की हे संरक्षण जाते, आणि मोठ्या सशासारखे तीव्र आम्ल तयार व्हायला काही दिवस लागतात. एक पहारेकरी गेला आणि दुसरा अजून आला नाही, अशी ही वेळ. चौथ्या ते आठव्या आठवड्यातली पिले बरेचदा याच फटीत सापडतात.

त्या फटीतून शिरणारा एक नेहमीचा शत्रू म्हणजे आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी. त्याच्या रोगाला कॉक्सिडिओसिस म्हणतात. त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७४ साली एका सशाच्या पित्तात अंडाकृती कण पाहिले. ते सशाच्या यकृतातल्या आयमेरियाचे कोश होते, असे आज मानतात. माणसाने पाहिलेला हा बहुधा पहिला एकपेशीय परजीवी!

या परजीवीचे कोश लेंडीतून बाहेर पडतात, पण बाहेर पडल्याबरोबर ते रोग देऊ शकत नाहीत. ऊब, ओलावा आणि प्राणवायू मिळाला की ते एक-दोन दिवसांत किंवा त्याहून थोड्या जास्त काळात पक्व होतात. पक्व कोश चाऱ्याबरोबर पोटात गेला की रोग लागतो. आता सांगा, रोग रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कोणता? रोज लेंड्या काढणे आणि तळ कोरडा ठेवणे! कोश पक्व होण्याआधीच तो पिंजऱ्याबाहेर गेला पाहिजे. जुलैतले ते पहिले पिलू गेले, तेव्हा त्या पिंजऱ्याची जमीन चार दिवस ओली होती, हे नंतर मुलानेच मला सांगितले.

काही विलक्षण दुखणी

काही दुखणी क्वचित दिसतात, पण एकदा कारण कळले की विसरत नाहीत.

पाय फाकलेले पिलू. पिलू चालू लागते आणि त्याचा एखादा पाय पोहणाऱ्यासारखा बाजूला पसरतो. काही वेळा हा दोष आनुवंशिक असतो. परंतु गुळगुळीत फरशीवर किंवा वर्तमानपत्राच्या कागदावर वाढलेल्या पिलांतही तो येतो. पाऊल रोवायला घर्षण लागते. घर्षण नसले की पाय घसरतो आणि कोवळा सांधा हळूहळू त्याच स्थितीत बसतो. गवत किंवा खरखरीत चटई घातली तर हा दोष पुष्कळ अंशी टळतो.

वाढणारे दात. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला जवळजवळ १० सेंटिमीटर! वरचे व खालचे दात एकमेकांवर घासून ही वाढ झिजते. जबड्याची ठेवण चुकली तर दात एकमेकांना भेटतच नाहीत आणि हस्तिदंतासारखे वळतात. पिलू चाऱ्याकडे धावते, तोंडात घेते आणि टाकून देते. भूक आहे पण खाता येत नाही, ही त्याची खूण.

मोठा होत जाणारा डोळा. पांढऱ्या न्यूझीलंड जातीत क्वचित एखाद्या पिलाचा डोळा काही महिन्यांत मोठा आणि निळसर धुरकट होतो. डोळ्यातल्या द्रवाला बाहेर जायची वाट नीट तयार झालेली नसते. द्रव साचतो, दाब वाढतो आणि कोवळा डोळा ताणला जातो. हा दोष आई व बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो. म्हणून अशा कुटुंबातल्या सशांची आपसांत पैदास करू नये.

कलती मान. ससा मान एका बाजूला वाकवतो, गोल फिरतो किंवा मागचे पाय ओढतो. कधी कारण कानातल्या जंतूंमध्ये असते, कधी मेंदूत. १९२२ साली अमेरिकेत राइट आणि क्रेगहेड या संशोधकांनी लहान सशांमधल्या अशाच एका पक्षाघाताचे वर्णन केले. आजारी सशांच्या मज्जासंस्थेत आणि मूत्रपिंडांत त्यांना अतिसूक्ष्म जीव दिसले. त्या जीवाला आज एनसेफॅलिटोझून क्युनिक्युली म्हणतात. पूर्वी त्याची गणना एकपेशीय प्राण्यांत होई. आज तो बुरशीच्या नातेवाइकांत मोडतो. तो लघवीतून पसरतो आणि आईकडून पिलांनाही मिळू शकतो.

ओले पंजे. पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले दिसले तर नाक वाहते आहे असे समजा. ससा नाक पंजाने पुसतो. आपल्याला नाक कोरडे दिसते, पण पंजा चुगली करतो!

आणि एक खोटी धोक्याची घंटा. सशाची लघवी कधी तांबडी दिसते. पुष्कळदा ते रक्त नसून रंगद्रव्य असते. चारा बदलला की असे होते. मात्र नक्की काय ते दवाखान्यात तपासल्याशिवाय ठरवू नये.

जे असूच शकत नाही त्याला आपले जुने तर्कशास्त्र "शशशृंग" म्हणत आले, म्हणजे सशाचे शिंग. गंमत पाहा, १९३३ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी तिकडच्या रानसशांच्या डोक्यावर खरोखरच शिंगांसारखी वाढ पाहिली आणि ती एका विषाणूमुळे होते हे दाखवून दिले. ती खरी शिंगे नव्हेत, गाठीच. पण "असे असूच शकत नाही" म्हणून शोप यांनी डोळे मिटले नाहीत, हे महत्त्वाचे.

उपचार कोणाचा?

ओळखणे आपले काम, उपचार मात्र पशुवैद्यकाचा. घरातल्या औषधांच्या डब्यातले प्रतिजैविक सशाला कधीही देऊ नये. पेनिसिलीन, अॅम्पिसिलीन, अॅमॉक्सिसिलीन यांसारखी औषधे सशाच्या तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा औषधानेच दगावतो. फवारणी झालेल्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावरचे गवतही घालू नये. ससा उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवाच. त्याच्या मागच्या पायांत इतका जोर आणि हाडांत इतका हलकेपणा असतो, की अधांतरी झाडलेल्या एका लाथेने त्याचाच कणा मोडू शकतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना नुसता ससा नेऊ नका. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत न्या आणि वही न्या. अवघड दुखणे असेल तर वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ पासून काम करीत आहे.

तिसऱ्या पिलाचा आलेख

आता आमच्या वहीकडे वळू. पिलांच्या कानांत आम्ही शाईचे एक ते पाच ठिपके दिले होते. रोज संध्याकाळी सहा वाजता, चारा घालण्याआधी, प्रत्येकाचे वजन होई. वेळ एकच का? कारण खाण्याने आणि लघवीने वजनात काही ग्रॅमांचा फरक पडतो. मोजमापाची परिस्थिती बदलली, तर पिलू बदलले की वेळ बदलली हे कळणार नाही.

पाचव्या आठवड्यापर्यंत पाचही रेषा आलेखावर सारख्या चढत होत्या, दिवसाला १५ ते १८ ग्रॅम. तेहतिसाव्या दिवशी तिसऱ्या पिलाचे वजन ४८६ ग्रॅम होते. मग ५०३. मग ५१९. छत्तिसाव्या दिवशी ५२१ आणि सदतिसाव्या दिवशी ५१८.

एका दिवसाच्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता. चूक तराजूचीही असू शकते. पण दोन दिवस रेषा आडवी झाली होती आणि इतर चार रेषा चढतच होत्या. पाचही रेषा एकदम आडव्या झाल्या असत्या तर मी चारा किंवा हवा यांत कारण शोधले असते. एकच रेषा वेगळी झाली, म्हणजे कारण त्या पिलातच होते. पिलू मात्र उड्या मारीत होते, खात होते. डोळ्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, "काहीच नाही."

त्याच संध्याकाळी मुलगा लेंड्या घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कॉक्सिडियाचे कोश होते. औषधाची मात्रा वजनावर ठरते. वजने विचारताच त्याने वही पुढे केली. औषध पाचही पिलांना सुरू झाले, पिंजरा वाळवला गेला, तळाला जाळी आली.

तिसरे पिलू चौथ्या दिवशी गेले. उरलेली चार जगली आणि आज मोठी झाली आहेत. त्यांच्यापैकी एकही तेव्हा आजारी दिसत नव्हते. पण त्यांतल्या दोघांच्या लेंड्यांतही कोश सापडले होते. आलेखाने तिसऱ्याला वाचवले नाही, त्याच्या भावंडांना वाचवले.

ते पिलू गेले त्या दिवशी मुलगा पुन्हा माझ्या दारात आला. डोळे भरलेले होते. पण या वेळी "काल काहीच नव्हते" असे तो म्हणाला नाही. वही उघडून त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, इथून सुरू झालं होतं. छत्तिसाव्या दिवसापासून."

करून पाहा : तुमच्या घरी किंवा शाळेत ससा, कोंबडीची पिले, करडू, वासरू, जे असेल त्याची वही करा. रोज एकाच वेळी वजन, पंधरा सेकंदांतले श्वास, खाल्लेला चारा, विष्ठेचे स्वरूप आणि सावलीतले तापमान लिहा. एक महिना आलेख काढा. सर्व काही ठीक असताना ही वही कंटाळवाणी वाटेल. तरीही ती चालू ठेवा. निरोगी दिवसांची नोंद असेल, तरच आजाराचा पहिला दिवस ओळखता येतो.